लाल गाडी, डिझेल गाडी आणि अडतीस सेकंद

सर मला शेवटपर्यंत ‘बारा’ म्हणत. अकरावीच्या हजेरीपटावर माझा नंबर बारा होता. कॉलेज सुटलं, मिशा आल्या, मोर्च्यांपायी दोनदा पोलीस स्टेशनात नाव लागलं, तरी तो नंबर त्यांनी बदलला नाही. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, “बारा प्रामाणिक आहे. म्हणजे आता झाला आहे. त्याची विशेषणं तेवढी कमी करून घे.” ती हळूच मला म्हणाली, “हेच का ते?” मी म्हटलं, “हेच.”

सर कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि शिवाय माणिकपूरला रिक्षा स्टँडसमोर, चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचा फिजिक्सचा क्लास होता. लाकडी जिना, वर पत्रे आणि फळ्याशेजारी एक पाटी: ‘किती ते सांगा’. बाकीच्या क्लासवाल्यांच्या पाट्यांवर ध्येय, यश, गरुडभरारी वगैरे माल असायचा. सरांचा उपदेश एवढाच. कुणी वर्गात शिरून म्हणालं, “सर, बाहेर भयंकर गरम आहे,” की सर खडू खाली ठेवत.

“भयंकर म्हणजे किती?”

“चौतीस असेल, सर.”

“मग चौतीस म्हण. भयंकर हे माप कुठल्या दुकानात मिळतं?”

माणिकपुरात गळ्यात क्रूस घालणारे पुष्कळ, तुळशीची माळ घालणारेही होते. सरांच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. काळ्या दोरीला बांधलेलं, निकेल उडालेलं. त्याने ते काय मोजत नसत ते विचारा. दूध उतू जायला लागणारा वेळ, नगराध्यक्षांच्या भाषणातला पहिला मुद्दा येईपर्यंतचा वेळ, रिक्षावाल्याने ‘बस, आत्ता निघतो’ म्हटल्यापासून रिक्षा निघेपर्यंतचा वेळ. लग्नाला गेले की मंगलाष्टकं मोजत. एकदा भटजींना त्यांनी मांडवातच सांगितलं, “नऊ मिनिटं वीस सेकंद. त्यात नवऱ्याच्या मामाने म्हटलेलं कडवं दोन मिनिटांचं आहे, ते तुमच्या खात्यावर धरत नाही.” त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, म्हणायच्या, “यांच्याबरोबर मी जगले नाही, माझी नोंद झाली.” पण बाईसुद्धा भाताच्या शिट्या चुकल्या की आतून ओरडायच्या, “अहो, किती झाल्या?” आणि सर न बघता सांगायचे.

आमच्या घरात सगळं याच्या उलट. माझे वडील एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे आणि काम संपलं की त्याच खिळ्यांनी जगाविरुद्ध पत्रकं काढायचे. टँकरवाल्यांविरुद्ध, रेतीवाल्यांविरुद्ध, वाड्या गिळणाऱ्या बिल्डरांविरुद्ध. इतर मुलं घर, नळ, बदक लिहायला शिकत होती तेव्हा मला ‘धनदांडगे’ लिहिता येत होतं. मी त्या भाषेवर वाढलो आणि मला अजून तिची लाज वाटत नाही. ज्यांच्याकडे पेपर नव्हता, वकील नव्हता, त्यांच्याकडे पत्रक होतं. पण त्यात आकडा नसायचा, हे खरं. जोर असायचा.

मी माझं पहिलं पत्रक मोठ्या अभिमानाने सरांना दाखवायला नेलं. मथळा होता: ‘जाहीर निषेध! जाहीर निषेध!! जाहीर निषेध!!!’

सरांनी लाल पेन काढलं. “बारा, तिसऱ्या निषेधात पहिल्यापेक्षा काय वाढलं?”

“जोर, सर.”

“किती?”

सर पुढे वाचू लागले. “‘प्रचंड संख्येने उपस्थित राहा.’ बरं. मागच्या सभेला किती होते?”

“बरेच होते.”

“किती?”

“एकोणतीस.”

“तुला आणि माईकवाल्याला धरून?”

मी कागद हिसकावून घेतला. “सर, क्रांतीला दशांश चिन्ह लागत नाही.”

“लागतं,” सर म्हणाले, “नाहीतर तोफेचा गोळा आपल्याच माणसांत पडतो.”

मी त्यांना मनातल्या मनात कुंपणावरचा माणूस म्हणून टाकलं. त्या वयात माझ्याकडे माणसांचे दोनच खण होते, लढणारे आणि विकले गेलेले. सर दोन्हीत मावत नव्हते, म्हणून कुंपण.

आता त्यांच्या गाडीबद्दल. ती डिझेलची जुनी, चार दारांची गाडी होती. गोल पाठीची, सायीच्या रंगाची, आधीच्या जन्मी टॅक्सी असावी अशी. किल्ली फिरवली की लगेच सुरू होत नसे, आधी हीटर तापावा लागे. वीस सेकंद. तेवढ्यात सर दोन्ही हात मांडीवर ठेवून देवासमोर बसल्यासारखे बसत. मग गाडी खोकायची, सगळ्या खिडक्या थरथरायच्या आणि मागे चपलांच्या दुकानात काळा धूर शिरायचा. दुकानदार शिव्या द्यायचा. सर त्या शिव्यांचीही वेळ घेत.

या गाडीचा प्रवेग त्यांनी मोजून ठेवला होता. शून्य ते साठ, अठरा सेकंद. “ही आकडेवारी बाई शेजारी नसतानाची,” ते वर्गात सांगत. “बाई शेजारी असताना प्रयोग पूर्ण होत नाही. फरक वजनाचा नाही. त्या साठपर्यंत जाऊच देत नाहीत.” प्रवेगाचा धडा आम्ही सगळे त्याच गाडीवर शिकलो. आळीपाळीने मागच्या सीटवर बसून, सर ‘आता’ म्हणाले की स्पीडोमीटरचा काटा वाचत. काटाही थरथरायचा. तो तीसवर आहे की चाळीसवर, यावर मागच्या सीटवर भांडणं व्हायची आणि सर म्हणायचे, “भांडू नका. पस्तीस लिहा, शेजारी ‘अधिक-उणे पाच’ लिहा. आपल्याला किती कळत नाही तेही लिहायचं असतं.”

आमच्याच वर्गात रोल नंबर सत्तेचाळीस होता. त्याचे वडील मोठे बिल्डर. सत्तेचाळीस बारावीला फिजिक्समध्ये आपटला, कारण त्याच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सरांनी सही केली नाही. प्रयोग न करता त्याने दुसऱ्याचे आकडे उतरवले होते आणि तेही चुकीच्या दशांशासकट. वडील स्वतः क्लासचा जिना चढून आले. सरांनी त्यांना पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, सही दिली नाही. मुलगा पुढे दुबईला काकांकडे गेला आणि दोन-तीन वर्षांनी परत आला तो लाल स्पोर्ट्‌स कार घेऊन.

ती गाडी आली तेव्हा माणिकपूर बघायला लोटलं. दोनच सीट, उंची गुडघ्याएवढी, आवाज वाघासारखा. फक्त आमच्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं. म्हणून तिच्यामागून एक टेम्पो चालायचा. त्यात दोन माणसं आणि दोन फळ्या. स्पीडब्रेकर आला की टेम्पोतली माणसं धावत पुढे यायची, फळ्या आडव्या टाकायची, गाडी नवरीसारखी अलगद त्यावरून उतरायची, मग फळ्या उचलून पुन्हा टेम्पोत. जगातली वेगवान गाडी, आणि तिच्या पुढे फळ्या घेऊन धावणारे दोन घामाघूम मजूर. याच्यावर मी पत्रक काढणारच होतो. वडील म्हणाले, “याला पत्रक कशाला, हे आपणहून चालत फिरतंय.”

एवढ्यात रस्त्याची बातमी आली. सांडोरच्या पलीकडे सत्तेचाळीसच्या वडिलांची नवी वसाहत उभी राहत होती. नव्या आराखड्यात माणिकपूरपासून तिथपर्यंत रुंद, सरळ रस्ता आखला होता, वाड्यांच्या मधून. बिल्डरच्या जाहिरातीच्या रंगीत पत्रिकेवर छापलं होतं: ‘माणिकपूर अवघ्या तीन मिनिटांवर!’ त्या तीन मिनिटांखाली अकरा विहिरी येत होत्या. त्यातली एक माझ्या आत्याची.

आत्याची वाडी सांडोरला. केळी, थोडी वांगी, कडेला अळू. माझं अर्धं बालपण त्या विहिरीच्या काठावर गेलं. आत्या तिकडच्या खाडीकाठच्या बोलीत बोलायची. तिने पत्रिका उलटसुलट बघितली आणि विचारलं, “तीन मिन्टात जाऊन करनार काय रे ते? आनि माझं पानी गेलं तर मी काय पिऊ, डांबर?” महिन्याभरात हरकतींची सुनावणी होती. तिथे लिहून द्यायचं होतं. मी लिहिलं: ‘हा अमानुष, राक्षसी, विनाशकारी रस्ता...’ आणि सरांकडे नेलं, कारण शुद्धलेखन ते चांगलं तपासत.

सरांनी सगळं वाचलं. विशेषणांवर त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “तीन मिनिटं कुणी मोजली?”

“कुणी नाही, सर. थापा आहेत.”

“थापा किती आहेत ते बघू या. रस्ता आहे तसाच. माझी गाडी आणि सत्तेचाळीसची गाडी. रिक्षा स्टँडपासून तुझ्या आत्याच्या विहिरीपर्यंत. त्याच्या गाडीचा प्रवेग माझ्या सहापट आहे. सहापट प्रवेगाने या रस्त्यावर किती वाचतं ते कळलं, की रस्ता अपराधी आहे की नाही ते कळेल.”

सत्तेचाळीस लगेच तयार झाला. त्याला कुणीतरी आपली गाडी मोजावी हीच इच्छा होती. “सर, फुल पब्लिक बोलवू. शून्य ते साठ, तीन सेकंद! तुमची गाडी तेवढ्यात हीटर पण नाय तापवत.”

“हीटर तापवण्याचा वेळ धरणार नाही,” सर म्हणाले. “आणि फळ्या टाकण्याचाही नाही. फळ्या आधीच टाकून ठेव. दोघांनाही सूट.”

शनिवारी चार वाजता ठरलं. आधी डिझेल, मग लाल. दोन्ही गाड्यांत सर आणि सत्तेचाळीस दोघे बसणार, म्हणजे वजन सारखं, साक्षीदार सारखे. मला वाटलं, सरांनी आमचा खेळ संपवला. सहापट म्हणजे सहापट. लाल गाडी भुर्रकन येणार, बिल्डर टाळ्या पिटणार, आत्याच्या विहिरीत भराव पडणार.

मग मी जे केलं ते लिहितो. आजवर कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर नवरीसाठी पाणी आणायला जातात. ख्रिस्ती घरांत तर या मिरवणुकीची भारी हौस. आत्याच्या शेजारच्या घरी रविवारी लग्न होतं आणि पाणी आत्याच्या विहिरीचं नेणार होते. मिरवणूक पाचला निघायची. मी शुक्रवारी बँडमास्तरांना गाठलं आणि सांगितलं, “चार वाजून दहा मिनिटांनी निघा. थेट विहिरीवर नको, ओढ्यावरच्या मोरीपर्यंत वळसा घ्या आणि रस्त्याच्या मधोमध या. गर्दी जमणार आहे, तुमचा बँड सगळे ऐकतील.” माणूस कलावंत होता. ऐकला. शनिवारी सकाळी मी पाचशे पत्रकंही छापून घेतली: ‘डिझेलचा दणदणीत विजय! धनदांडग्यांच्या लाल गाडीचा सपशेल पराभव!!’

चारला डिझेल निघाली. मी गठ्ठा घेऊन विहिरीवर उभा. सहा मिनिटं चौपन्न सेकंदांनी ती धूर सोडत आली. सर उतरले, वहीत आकडा लिहिला, थोडं अळू बघितलं आणि परत गेले. मग लाल गाडीची पाळी. तिच्यात सरांना बसवावं लागलं नाही म्हणे, ओतावं लागलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. लांबून बँड ऐकू येत होता. बाविसाव्या मिनिटाला मिरवणूक दिसली. पुढे ट्रम्पेटवाले, मग नव्या साड्या नेसून डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका, त्यांच्या मागे चालीच्या वेगाने येणारी लाल गाडी. पण गाडीच्या ड्रायव्हर सीटवर कुणी नव्हतं. टेम्पोतला एक जण खिडकीतून स्टिअरिंग धरून होता, दुसरा मागून ढकलत होता. सत्तेचाळीस गाडीतून उतरून तोंडात रुमाल धरून बँडपुढे नाचत होता. त्याला स्पर्धा-बिर्धा काही आठवत नव्हतं. आत खोल बुडालेले सर दिसत होते, म्हणजे त्यांचे पांढरे केस आणि वर धरलेलं स्टॉपवॉच.

मी गठ्ठा सोडला आणि पत्रकं वाटायला सुरुवात केली. दहा-बारा वाटली असतील, तेवढ्यात बँडमास्तर घाम पुसत माझ्याकडे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “काय, बरोबर टायमावर आलो ना? तू चार-दहाला म्हणालास म्हणून, नायतर आमच्या बायकांच्या साड्या पाचशिवाय आटपत नाय.”

सरांनी स्टॉपवॉच बंद केलं. तो खटका मला ऐकू आला. 

मग त्यांनी माझ्या हातातलं एक पत्रक घेतलं. “हे कधी छापलंस?”

“सकाळी.”

“प्रयोग कधी झाला?”

“आत्ता.”

“मग सकाळी तुला काय माहीत होतं?”

“बाजू कुणाची खरी आहे ते माहीत होतं,” मी ओरडलो.

“बाजू खरी होती, तर बँड कशाला लागला?”

“सर, ते खोटं छापतात! तीन मिनिटं!”

“ते खोटं आहे हे कशावरून?”

“आपण मोजलं म्हणून.”

“मग मोजणंच बिघडवलंस, तर आपल्याकडे राहिलं काय, बारा?”

आत्या काठावरून बघत होती. ती म्हणाली, “मास्तर, पोराला फार बोलू नका.” मला बरं वाटायच्या आत ती माझ्याकडे वळली. “पन काय रे, माझ्या विहिरीच्या पान्याला आलेल्या बायांना तू रेल्वेच्या फाटकाचा दांडा केलास?”

सरांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. किती, विचारू नका.

सरांनी वही काढली आणि मला दिसेल अशी धरून लिहिलं: ‘निरीक्षण रद्द. बाह्य हस्तक्षेप: रोल नं. १२.’ डिझेलचा आकडाही खोडला. एक रद्द तर दोन्ही रद्द. मग मिरवणुकीत शिरून नवरीच्या आईला म्हणाले, “तुमचा वेळ गेला नाही ना?” ती बिचारी म्हणाली, “नाय मास्तर, मजा आली.” उरलेला गठ्ठा सरांनी गाडीत टाकून नेला. पुढे दोन वर्षं क्लासमधली मुलं माझ्या दणदणीत विजयाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवत होती.

सोमवारी चार वाजता पुन्हा प्रयोग. मला वाटलं होतं, सर मला घरी बसवतील. त्यांनी दुसरं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि माणिकपूर संपतं त्या वळणावर उभं केलं. “इथपर्यंतचा वेळ तू घ्यायचास.”

“माझ्यावर सोडता, सर?”

“चूक कुठे होते ते तुला आता सगळ्यांत जास्त माहीत आहे.”

मी खरं मोजलं. डिझेल माझ्यासमोरून गेली तेव्हा चार मिनिटं झाली होती. मग लाल गाडी. भाजीवाले, उलट्या बाजूने घुसणाऱ्या रिक्षा, शाळा सुटलेली. वाघाचा आवाज काढत ती गाडी रिक्षांच्या मागे गायीसारखी उभी होती. माझ्यासमोरून गेली तेव्हाही चार मिनिटं. मी घड्याळ कानाशी लावून बघितलं, बंद पडलं की काय म्हणून. पुढे वाड्यांमधल्या रस्त्यावर मात्र लाल गाडीने आपलं शौर्य दाखवलं. मोरीनंतरच्या सरळ पट्ट्यात ती तीन सेकंदांत साठला पोचली आणि लगेच वळण आलं म्हणून ब्रेक लागला. सर नंतर म्हणाले, “प्रवेग उत्तम आहे. फक्त तो ठेवायला जागा नाही.”

डिझेल, सहा मिनिटं पन्नास सेकंद. लाल गाडी, सहा मिनिटं बारा सेकंद.

“हरलो,” सर म्हणाले. “अडतीस सेकंदांनी.” आणि इतके खूश दिसले की सत्तेचाळीसला वाटलं त्यांना ऊन लागलं.

मंगळवारी मी नवीन पत्रक लिहिलं. वडील खिळे जुळवता जुळवता थांबले. “उद्गारचिन्ह एकही नाही? ताप आहे का तुला?” पत्रक असं होतं: ‘लाल गाडी जिंकली. माणिकपूर ते सांडोर अडतीस सेकंद आधी पोचली. माणिकपुरातून बाहेर पडायला दोन्ही गाड्यांना चार-चार मिनिटं लागली. तिथे कुणाची वाडी नाही. वाडीतल्या रस्त्यावर अडतीस सेकंद वाचतात. तिथे अकरा विहिरी आहेत.’ खाली दोन्ही वेळा, तारीख आणि ‘अधिक-उणे एक सेकंद’.

बुधवारी सुनावणी. हॉल भरलेला. बिल्डरच्या बाजूचा माणूस उठला आणि त्याने खिशातून शनिवारचं पत्रक काढलं. मी वाटलेल्या दहा-बारांतलं एक. “साहेब, हे लोक कसे खोटारडे आहेत बघा. म्हणे डिझेलचा दणदणीत विजय! लाल गाडी हरली म्हणतात!” आत्या पदराचं टोक दातात धरून बसली होती.

सर उभे राहिले. “तो कागद खोटा आहे. माझ्या विद्यार्थ्याने प्रयोगाच्या आधी छापला. तो प्रयोग मी रद्द केला. पुन्हा केला. लाल गाडी जिंकली.”

आमच्या लोकांनी कपाळावर हात मारले. समोरच्या बाजूला हसू फुटलं. सुनावणी घेणारे अधिकारी इतका वेळ मान खाली घालून सगळ्यांच्या हरकती शिक्के मारून बाजूला ठेवत होते. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं आणि विचारलं, “किती?”

मी सरांचा चेहरा बघितला. आयुष्यभर तो प्रश्न त्यांनीच सगळ्यांना विचारला होता. बाईंखेरीज दुसऱ्या कुणी त्यांना तो विचारल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग सर चष्मा पुसून म्हणाले, “अडतीस सेकंदांनी, साहेब. सहापट प्रवेगाची गाडी, आणि एवढंच. रस्ता रुंद केला म्हणून रिक्षाची लाल गाडी होणार नाही. माणिकपुरातली चार मिनिटं कमी करा, सगळ्यांची वाचतील. आणि पत्रिकेवरच्या तीन मिनिटांत तर ही गाडीसुद्धा माणिकपुरातून बाहेर पडली नाही.”

“याला साक्षीदार?”

मागून सत्तेचाळीस उठला. त्याचे वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे न बघता तो म्हणाला, “मी होतो, साहेब. दोन्ही गाड्यांत. डिझेलमध्ये सरांच्या शेजारी, लालमध्ये चालवायला. आकडे बरोबर आहेत.” आणि खाली बसताना, “पन गाडी जिंकली हां,” एवढं म्हणालाच.

अधिकाऱ्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले. त्या दिवशीच्या हरकतींत आकडा असलेली ती एकच हरकत होती.

बाहेर सरांनी गाडीच्या डिकीतून एक पिवळी पडलेली जर्नल काढली. इतकी वर्षं ती क्लासच्या कपाटात होती. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं: ‘प्रवेग व प्रवासाचा काळ. प्रयोग स्वतः केला.’ खाली सही केली आणि सत्तेचाळीसच्या हातात दिली. तो माणिकपूरच्या भर रस्त्यात रडला. त्याच्या जर्नलचा आता काही उपयोग नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पत्रकाच्या भाषेत म्हणायचं तर इथे जनतेचा विजय व्हायला हवा. तसं झालं नाही. रस्ता झाला. पण आखला होता त्यापेक्षा अरुंद झाला आणि चार ठिकाणी वळला. अकरापैकी चार विहिरी गेल्या, सात राहिल्या. आत्याची सातांत आहे. चार कुणाच्या गेल्या त्यांची नावं मला पाठ आहेत, आणि त्यांच्या घरी जाताना मला अजून मान वर करता येत नाही. शनिवारचं ते पत्रक नसतं तर फरक पडला असता का, हे मी सरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, “माहीत नाही. तो प्रयोग करता येत नाही.” थापा मारून माझं समाधान करणं त्यांना जमलं असतं तर ते सर नसते.

सर गेले तेव्हा बाईंनी मला एक पुडकं दिलं. वर ‘बारा’ एवढंच लिहिलेलं. आत स्टॉपवॉच. मागच्या रविवारी ते घेऊन मी आत्याच्या वळणावर बसलो. येणारी प्रत्येक गाडी तिथे हळू होते, विहिरीच्या कठड्याला वळसा घालते, मग पुन्हा वेग घेते. मी वीस गाड्या मोजल्या. एकविसावी गाडी थांबली, नवी कोरी होती. आतल्या माणसाने काच खाली केली. तो नव्या वसाहतीतला असावा.

“काय हो, इथे हे वळण कशाला ठेवलंय? फुकटचा टाइम जातो.”

“किती?” मी विचारलं.

त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“नऊ सेकंद,” मी सांगितलं. “पाणी पिणार?”